कांतीशेठच्या माळ्यावरचं कार्टून मंडळ

माझं घोडेगावात मेडिकल आहे. औषधांची रिकामी खोकी नंतर टाकू म्हणून मी मागच्या खोलीत सरकवत जाते आणि एक दिवस बघावं तर तिथं पाय ठेवायला जागा नसते. आमच्या मंडळाचे किस्से तसेच साठलेत. एकही मुद्दाम जमवलेला नाही. कोणी नुसतं विचारलं, "काय हो, तुमचं ते कार्टून मंडळ चालू आहे का अजून?" की मी एक सांगायला घेते, आणि गिऱ्हाईक खोकल्याचं औषध विसरून ऐकत उभं राहतं.

आधी हे सांगते की आमच्या मंडळाला नाव नाही. 'कार्टून मंडळ' हे गावानं ठेवलेलं. महिन्यातून एक-दोनदा, बाजारपेठेच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी, आम्ही कांतीशेठच्या कापडदुकानाच्या माळ्यावर जमतो आणि चित्रांचे सिनेमे पाहतो. हातानं काढलेल्या चित्रांचे, मातीच्या बाहुल्यांचे. मोठ्या माणसांचे सिनेमे. नको ते मनात आणू नका! म्हातारपण, लढाया, पोटचं पोर दुरावणं, नवरा-बायकोत वर्षानुवर्षं न बोललेलं काहीतरी, अशा गोष्टींचे. गावाला हे पटत नाही. चित्र हललं की ते पोरांसाठी, असं गावाचं ठाम मत आहे.

हा नाद लावला काळे सरांनी. ते अवसरी खुर्दला इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवतात. डोळ्यांत घालायचे ड्रॉप न्यायला वरचेवर माझ्याकडे यायचे. मी एकदा विचारलं, "सर, एवढं काय बघता हो डोळे लाल होईपर्यंत?" त्यांनी काउंटरवर मोबाईल ठेवला आणि मला चार-पाच मिनिटांची एक चित्रफीत दाखवली. एक माणूस रिकाम्या घरात जेवायला बसतो आणि ताटं दोन वाढतो. बास, एवढंच. दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली होती आणि मी पदरानं डोळे पुसत होते.

एकानं काळजीनं विचारलं, "ताई, मोठा माल एक्स्पायर झाला का?"

*

पहिल्या खेळाला आम्ही आठ-दहा मोठी माणसं जमलो आणि प्रत्येकाच्या हाताला एक पोर होतं. कोणी नातू आणला, कोणी भाची. रस्त्यात कोणी हटकलं तर 'कार्टून बघायला चाललोय' हे सांगायचं कसं, म्हणून ही सोय. सुलभाबाई झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांची नातवंडं पुण्याला, म्हणून त्या शेजारच्यांची मुलगी मागून घेऊन आल्या होत्या. खुद्द कांतीशेठनी समोरच्या स्वीट मार्टवाल्याचा नातू आणला होता. स्वतःच्याच दुकानाचा जिना चढायला!

सिनेमा एका घड्याळजीचा होता. सगळं गाव मोबाईलमध्ये वेळ बघायला लागतं आणि हा आपला दुकानात बसून घड्याळांना चाव्या देत राहतो. पोरं पहिल्या दहा मिनिटांत कंटाळली. "यात कुणी धपकन पडणार नाय का?" असं एकानं विचारलंसुद्धा. थोड्या वेळानं निम्मी पोरं साड्यांच्या गठ्ठ्यांवर झोपून गेली.

स्वीट मार्टवाल्याच्या नातवानं शेठचा हात ओढला. "आजोबा, घरी जायचं."

"जा की. खाली उतरलास की समोर तर तुझं दुकान."

"आणि तुम्ही?"

शेठनी पडद्यावरची नजर हलवली नाही. "मी थांबतो. कोणीतरी मोठं माणूस थांबायला पाहिजे ना इथं."

*

आता सोपानभाऊ. यांना नीट ओळखून घ्या, कारण पुढं आम्हाला जी काळजी लागली ती यांचीच.

सोपानभाऊ पिंपरी पेंढारचे. घराणं मूळचं मेंढपाळांचं. अजून थोडी मेंढरं आहेत, बाकी शेती. पण त्यांची खरी ओळख म्हणजे आवाज. यात्रांच्या दिवसांत बैलगाड्यांच्या शर्यती होतात, तेव्हा घाटात, म्हणजे गाडे पळतात त्या चढावर, माईकवर पुकारा करतात ते. गाडा सुटला की सोपानभाऊ असं काही सुरू करतात की घाटाकडं पाठ करून भजी खाणाऱ्यालाही कुठला बैल पुढं आहे ते दिसतं. जुन्नर-आंबेगावात हा आवाज न ओळखणारा माणूस शोधून आणावा लागेल. घर शेतीवर चालतं, पण सोपानभाऊ त्या आवाजावर चालतात. त्यासाठीच माझ्याकडून घशाच्या गोळ्या न्यायचे. पाकीट नाही, अख्खं खोकं.

एका सुट्टीच्या दिवशी मी शटर ओढत होते तेवढ्यात ते आले.

"कुठं निघाला ताई?"

"पिक्चरला. या वर, तुम्हीही बघा."

त्या दिवशीचा सिनेमा कुठल्या तरी लांबच्या देशातला होता. भाषा कोणालाच कळत नव्हती आणि खाली इंग्रजी अक्षरं भराभर पळत होती. सुलभाबाई सारख्या विचारत होत्या, "सर, काय म्हणतोय तो?" सर सिनेमा थांबवायचे, समजावून सांगायचे, परत चालू करायचे. दोन-चारदा असं झालं आणि मागून आवाज आला, "थांबवू नका सर. मी सांगतो."

भाऊंना इंग्रजी येत नाही. ती दुसरी भाषा तर त्यांनी जन्मात ऐकली नव्हती. पण त्यांनी घाटातलं सुरू केलंच.

"आला, आला, म्हातारा आला दारापोत. बघतोय, फटीतनं बघतोय, कोन हाये भायेर... लेक हाये! लई दिसांनी लेक आली. पर म्हातारा कडी काढंना राव. हात गेला कडीवर... आन् परत आला मागं..."

माळ्यावर मुसमुसण्याचे आवाज यायला लागले. कांतीशेठ तर उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

सिनेमा संपल्यावर सर शक्य तेवढ्या शांतपणे म्हणाले, "भाऊ, ती लेक नव्हती. घर रिकामं करायची नोटीस घेऊन आलेली सरकारी बाई होती."

भाऊंनी डोकं खाजवलं. "असंल. पर कडी काढल्याव च्या तर त्यानं लेकीसारखाच पाजला ना तिला?"

*

यावरून दोघांचं जुंपलं ते जुंपलंच. सरांचं म्हणणं, ही कला आहे. चित्रकारानं एखाद्या ठिकाणी काही ऐकू येऊ दिलं नसेल तर ते मुद्दाम, तिथं आपण तोंड घालू नये. भाऊंचं म्हणणं, "घाटात मी गप बसलो तर लोकान्ला वाटतं लाईट गेली."

शेवटी कांतीशेठनी व्यापारी तोडगा काढला. मध्यांतरापर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचं, मध्यांतरानंतर भाऊंनी बोलायचं. असल्या सिनेमांना मध्यांतर नसतंच. ते सरांना स्वतः पाडावं लागायचं. तोवर भाऊ तोंडात गोळी धरून बसायचे आणि अंधारातून थोड्या थोड्या वेळानं नम्रपणे विचारायचे, "झालं का सर मध्यांतर?"

एकदा सर भडकले. म्हणाले, "आज मध्यांतर नाही. आज सिनेमा बनवणाऱ्यानं बनवला तसा बघायचा." भाऊ चूं करतील तर शपथ. पूर्ण वेळ गप्प. आम्हीच बेचैन झालो. संपल्यावर सगळे जिना उतरायला लागलो. भाऊ सर्वांत पुढं होते. खालच्या पायरीवर पोचले, वळले, कठड्याला हात लावला आणि पहिल्या चित्रापासून सुरू झाले. जिना एवढा अरुंद की त्यांना ओलांडून जाता येईना. आम्ही सगळ्यांनी ज्या त्या पायरीवर उभं राहून अख्खा सिनेमा परत ऐकला.

सर सर्वांत वरच्या पायरीवर होते. हाताची घडी, चेहरा फुगलेला. भाऊ मधे कुठंतरी आले आणि वरून सरांचा आवाज आला, "पाऊस नंतर, भाऊ. आधी ती छत्री विसरते."

*

कांतीशेठ बोलायला मोजके. त्यांचे पणजोबा राजस्थानातून इथं आले. आता शेठ आमच्यापेक्षाही घोडेगावचे झालेत, पण घरातलं जैनांचं सगळं पाळतात. एका सिनेमात कोळी मासा पकडतो. मासा होडीत तडफडतो, हळूहळू शांत होतो. फार सुंदर काढलं होतं, खवल्यांवरची चमक जाताना दिसत होती. शेठ उठले आणि खाली दुकानात जाऊन बसले.

सर त्यांच्यामागे गेले. "शेठ, चित्र आहे ते. खरा मासा नाही मेला."

"मला माहितीये, चित्र आहे." शेठ मीटरपट्टीशी खेळत होते. "तुम्हीच सांगता ना, एवढंसं हलायलासुद्धा ढीगभर चित्रं काढावी लागतात? कोळ्यानं मासा मारला तर एका झटक्यात मारतो, पोटासाठी मारतो. ह्या माणसानं टेबलाशी बसून, शांत डोक्यानं, एकेक चित्र काढत मारला."

सर माघारी वर आले. आम्हाला म्हणाले, "मी एवढी वर्षं या विषयावर वाचतोय. चित्रांचा सिनेमा इतका मनावर घेतलेला माणूस मला पहिल्यांदा भेटला."

*

तळेघरकडच्या एका मुलानं सरांकडे शिक्षण घेतलं होतं. त्यानं आमंत्रण दिलं, आमच्या वस्तीवर दाखवा. सर, सोपानभाऊ आणि मी निघालो. एसटीनं तळेघरपर्यंत गेलो, तिथून पुढं भातखाचरांच्या बांधावरून चालत. प्रोजेक्टर सरांच्या पाठीवर, पडद्याची गुंडाळी माझ्या काखेत. बॅटरी त्या मुलानं घेतली. भाऊंनी आपल्या घरची घोंगडी आणली होती, देवळाच्या सभामंडपाला लावून दुपारचा अंधार करायला.

त्या दिवशी भाऊंनी पुकारा केला नाही. घसा सकाळपासून बसला होता. "डोंगराची हवा हाये ताई," म्हणाले. मला ते खरं वाटलं नाही.

सिनेमातला मुलगा जत्रेत हरवतो आणि आपलं घर शोधत चालत राहतो. शेवटी लांब एक दिवा दिसतो, मुलगा त्या रस्त्यानं निघतो, आणि संपतं. दिवा त्याच्याच घरचा का, हे सांगत नाहीत. मंडपात कोणी टाळी वाजवली नाही, कोणी उठलं नाही. सरांचं तोंड उतरलं.

मग एक वयस्कर गृहस्थ नारळ, टोपी आणि उपरणं घेऊन पुढं आले. तिकडं कोणी कला घेऊन आलं की असा मान करायची रीत आहे आणि जो घेऊन येतो तोच कलाकार. म्हणाले, "या सरांनी एवढी चित्रं काढली..."

"नाही नाही, मी नाही काढली," सर घाईनं म्हणाले.

"मोठी मानसं आसंच म्हनत्यात," असं म्हणून त्यांनी सरांच्या डोक्यावर टोपी ठेवली.

बायकांमधून एक आजी उठल्या. "समदं ब्येस हाये. पर त्या लेकराला घरी का न्हाई पोचवलं तुमी?"

सरांनी समजावायचा प्रयत्न केला. कलाकार काही गोष्टी प्रेक्षकांवर सोडतो, वगैरे. आजी ऐकेनात. "आमच्याव काय सोडता? अंधार पडाया आला व्हता. लेकरू रस्त्यावं सोडलं तुमी."

सगळा मंडप सरांकडं बघत होता. सरांनी टोपी सारखी केली आणि मान खाली घातली.

"चुकलं आजी. पुढच्या वेळी पोचवतो."

*

आमचा पडदा म्हणजे मांजरपाटाचं कोरं कापड. शेठ दर खेळाला दुकानातला अख्खा तागा उलगडून दोन खिळ्यांमध्ये ताणतात आणि संपल्यावर गुंडाळून फळीवर ठेवतात. तेच कापड दुसऱ्या दिवशी विकायला असतं.

एकदा खेळ रंगात आला होता. पडद्यावर समुद्र, त्यात एक लहान होडी. मध्यांतर होऊन गेलं होतं, सोपानभाऊंचा पुकारा चालला होता. तेवढ्यात खाली मागचं दार वाजलं. शेठ गेले आणि एका माणसाला घेऊन वर आले. त्याचे वडील दुपारी गेले होते, कोरं पांढरं कापड पाहिजे होतं, बाजार बंद. आणि दुकानात तसा एकच तागा होता, ज्यावर आम्ही सिनेमा बघत होतो.

सर सिनेमा बंद करायला धावले. तो माणूस म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. चालू ऱ्हाऊ द्या." शेठनी खिळ्यांवरून कापड काढलं. मागं साड्यांच्या खोक्यांनी भरलेल्या फळ्या होत्या, समुद्र थेट त्यांच्यावर जाऊन पडला. होडी खोक्याखोक्यांवरून हेलकावत चालली होती. शेठ कापड मोजून फाडत होते आणि तो माणूस उभ्या उभ्या बघत होता.

"हे आत्ता ह्या कापडाव व्हतं का?" त्यानं विचारलं.

"हो," शेठ म्हणाले. "दुसरं नाहीये हो माझ्याकडे, नाहीतर..."

"तसं न्हाई. अण्णांनी समुद्र बघितला न्हवता." त्यानं घडी दोन्ही हातांत घेतली. "द्या. हेच द्या."

तो गेल्यावर सोपानभाऊंनी परत बोलायला सुरुवात केली आणि दोन वाक्यांत त्यांचा आवाज चिरकला. गहिवरले असतील, असं सगळ्यांना वाटलं. आम्ही सगळेच गहिवरलो होतो. मी मात्र रोज घसे बघणारी बाई. मला ते गहिवरणं वाटलं नाही.

*

पुढच्या आठवड्यात भाऊ दुकानात आले आणि नुसतं गोळ्यांच्या खोक्याकडं बोट केलं.

"बोला ना," मी म्हटलं.

ते बोलले. आवाज चाळणीतून गाळल्यासारखा, निम्मा वरच राहिलेला.

मी खोकं उचलून मागं ठेवलं. "आता गोळी देणार नाही मी. पुण्याला घशाच्या डॉक्टरांकडे जायचं."

"यात्रा तोंडावं आल्यात ताई."

"यात्रा दरवर्षी येतात."

ते चिडून निघाले. पण समोरच्या कापडदुकानातून शेठनी त्यांना हाक मारून बसवलं, पाणी दिलं, आणि काळे सरांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी रजा टाकून सरच त्यांना गाडीतून पुण्याला घेऊन गेले. स्वरयंत्रावर गाठ निघाली. ऑपरेशन झालं. गाठ साधी होती, तो घोर मिटला. पण डॉक्टरांनी बजावलं, मी सांगेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजसुद्धा नाही. नंतर आवाज कसा येईल, किती येईल, मी आज काही सांगू शकत नाही.

ऑपरेशनच्या आधी गाडीत भाऊंनी सरांना एकच विचारलं होतं. "सर, आवाज गेला तर मंडळात ठेवाल ना?"

सर आम्हाला हे सांगताना मधेच थांबले. चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "मी म्हटलं, भाऊ, तुम्ही गप्प बसावं म्हणून मी एवढा भांडलो. आता खरंच बसलात तर मी भांडू कुणाशी?"

*

भाऊ गळ्याला मफलर गुंडाळून पुढच्या खेळाला हजर. मुलानं गाडीवर आणून सोडलं होतं. सगळ्यांना रामराम केला, तोही हातानंच.

सिनेमा परक्या भाषेतला होता आणि आता सांगणार कोण? मध्यांतर झालं आणि काळे सर उभे राहिले. ज्यांनी पुकाऱ्याला जन्मभर नावं ठेवली ते काळे सर! घसा खाकरून म्हणाले, "तर, हा इसम आता अत्यंत व्यथित झालेला आहे. त्याची पत्नी त्याला काहीतरी निवेदन करत आहे..."

"सर, बातम्या लागल्यात का?" शेठ अंधारातून म्हणाले.

सरांनी चिकाटीनं रेटलं. "तो आता जलद गतीने जिन्याकडे प्रस्थान..." इथं भाऊंनी त्यांचा शर्ट मागून धरला आणि खाली ओढून खुर्चीवर बसवलं. मग तोंडावर बोट ठेवलं. सोपानभाऊंनी! सुलभाबाई हसता हसता खोकायला लागल्या.

उरलेला सिनेमा आम्ही चिडीचूप पाहिला. मी पडदा कमी आणि भाऊंचा चेहरा जास्त बघत होते. मला वाटलं होतं त्यांचे ओठ हलत असतील. पण ते तोंड उघडं टाकून नुसते बघत होते. पूर्वी बोलायच्या गडबडीत त्यांना एवढं बघायला फुरसतच मिळत नसावी.

*

शेवटचा सांगते.

डॉक्टरांनी परवानगी दिली. बोला, पण बेतानं, अगदी थोडे शब्द. नेमका आमच्या खेळाचा दिवस. आणि त्या दिवशी भाऊंबरोबर त्यांची बायको हिराबाई आल्या. त्या पूर्वी कधीच आल्या नव्हत्या. "म्हाताऱ्या मानसांनी चित्रं काय बघायची?" असं त्यांचं सरळ मत.

एक हात गुडघ्यावर, एक भिंतीला, असं जिना चढता चढता त्यांनी मला हळूच सांगितलं. सकाळपासून घरातले सगळे भाऊंच्या तोंडाकडं बघत बसले होते. मुलगा मोबाईल धरून तयार होता, पहिला शब्द रेकॉर्ड करायला. हिराबाईंनी देवापुढं बसवलं, म्हणाल्या, देवाचं नाव घ्या. भाऊंनी हात जोडले, पण तोंड उघडलं नाही. गावातली माणसं आली, म्हणाली, भाऊ, एकदा 'आला, आला' म्हणा. भाऊ नुसते हसले.

"भ्यालेत वो ताई," हिराबाई म्हणाल्या. "तोंड उघडलं आन् आवाजच नसला तर? म्हनून उघडीतच न्हाईत. मी म्हनलं, आज मी बी येते. कुठं का व्हईना, बोलतील तवा मी जवळ पायजे."

त्या खाली सतरंजीवर, एक पाय लांब करून बसल्या. भाऊ शेजारी. आम्ही सगळे पडद्याकडं तोंड करून बसलो होतो, पण कान भाऊंकडं होते. सर तर त्या दिवशी घाबरून मध्यांतर पाडायचंच विसरले.

सिनेमात कोणी काही बोलत नाही. एका म्हातारीचा एक दिवस, एवढीच गोष्ट. ती चूल पेटवते. अंगण झाडते. कोंबड्यांना दाणे टाकते. मग भिंतीशी बसून धान्य निवडते. निवडून झाल्यावर ती उठते. एक हात गुडघ्यावर ठेवते, दुसरा भिंतीला लावते, अर्धी उठते आणि तिथंच थांबते. जरा वेळ तशीच वाकून उभी राहते. मग बाकीची उठते, तळहात लुगड्याला पुसते आणि आत जाते.

"मागं घ्या."

कोण बोललं ते आधी आम्हाला कळलंच नाही. आवाज जाड होता, खाली गेलेला, घाटातला तो आवाज नव्हे. पण दुसऱ्या कोणाचा तर अजिबात नव्हता. हिराबाईंनी तोंडावर पदर दाबला. सुलभाबाईंनी माझा हात घट्ट धरला.

सर लॅपटॉपकडं वळले. त्यांनी मागं घेतलं. म्हातारी परत भिंतीशी बसली. परत गुडघ्यावर हात ठेवला, परत भिंतीला हात लावला, अर्धी उठली, थांबली.

भाऊ पडद्याकडं बोट करून हिराबाईंकडं वळले. एकेक शब्द जपून ठेवत म्हणाले, "अगं, ह्ये कुनीतरी बघितलंय."

म्हातारी उठली, हात पुसले, आत गेली, दार रिकामं झालं, तरी हिराबाई तिकडंच बघत होत्या. मग लांब केलेला पाय त्यांनी हळूच जवळ घेतला आणि सरांना म्हणाल्या, "परत लावा."